फ्लेक्सवरचा केशरी फिका का पडतो?

गणपतीच्या आधी फ्लेक्सच्या कुठल्याही दुकानात थोडा वेळ उभं राहा, एक वाद हमखास कानावर येतो. "मोबाइलवर केशरी कसा झळकत होता, आणि हा विटकरी कसा आला? शाईत पाणी घालता की काय?" दुकानदार मशीनचं हेड साफ करून पुन्हा छापतो. रंग तोच येतो. यात बहुतेक वेळा ना भेसळ असते ना लबाडी. प्रकाशाचं गणितच तसं आहे, आणि ते फार देखणं आहे.

पडदा स्वतः प्रकाश फेकतो. शाई मात्र अंगावर पडलेल्या प्रकाशातला काही भाग गिळते आणि उरलेला परत पाठवते, एवढं शाळेत झालेलं असतं. सायन (हिरवट निळी), मॅजेंटा (गडद गुलाबी), पिवळी आणि काळी या चार शायांमधून सगळे रंग काढायचे असतात. केशरीसाठी पिवळी पूर्ण आणि मॅजेंटा साधारण निम्मी. छापलेल्या फ्लेक्सवर भिंग धरून पाहा, तिथे केशरी असं काही नसतंच. पिवळ्या थरावर मॅजेंटाचे बारीक ठिपके असतात. ठिपका पडला तिथे लाल दिसतं, नाही पडला तिथे पिवळं. लांबून डोळा दोन्ही एकत्र करतो.

खरी गंमत पुढे आहे. एर्विन श्रोडिंगर यांचं नाव आपण क्वांटम सिद्धांतासाठी ऐकतो, पण त्यातल्या त्यांच्या प्रसिद्ध समीकरणाच्या सहा वर्षं आधी, 1920 साली, ते रंगांवर काम करत होते. एखादी छटा ठरवून दिली, तर ती जास्तीत जास्त उजळ दिसेल असा पृष्ठभाग कसा असावा, हा त्यांचा प्रश्न. उत्तर असं निघालं: त्या पृष्ठभागाने प्रत्येक तरंगलांबीचा प्रकाश एक तर पूर्ण परत पाठवावा, नाही तर पूर्ण गिळावा. अधलंमधलं काही नको, आणि हा बदल संपूर्ण वर्णपटात फार तर दोनदा व्हावा. केशरीला एकच बदल पुरतो. साधारण 560 नॅनोमीटर तरंगलांबीच्या खालचं, म्हणजे निळं-हिरवं, सगळं गिळायचं, वरचं, म्हणजे पिवळं ते लाल, सगळं परत पाठवायचं. कुठल्या तरंगलांबीचा किती प्रकाश परततो याचा आलेख काढला तर सह्याद्रीच्या कड्यासारखा ताठ उभा राहतो.

आता ठिपक्यांच्या केशरीचा आलेख काढा. पिवळ्या जागा 500 च्या आसपासच प्रकाश परत पाठवू लागतात, लाल जागा 600 च्या जवळ. मधल्या पट्ट्यात सरासरी निम्माच प्रकाश परततो. म्हणजे जो हिरवा यायला नको तो थोडा येतो, आणि 570 ते 600 मधला जो भरभरून यायला हवा तो अर्धाच येतो. रंग मरगळतो तो इथे. म्हणूनच काही मशिनांमध्ये वेगळी केशरी शाई भरतात. तिचं रंगद्रव्य एकटंच, योग्य जागी, बऱ्यापैकी सरळ चढतं.

जाहिरातींतल्या "एचडी प्रिंट, 1440 डीपीआय, सिक्स कलर" या शब्दांवर भाळू नका. डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके; त्याने रेषा रेखीव होते, रंग भडक होत नाही. सहा रंगांतले जादा दोन फिकट सायन आणि फिकट मॅजेंटा असतील, तर नेत्याच्या गालावरची छटा मऊ येईल, केशरी मात्र आहे तिथेच राहील.

श्रोडिंगर यांनी काढलेली उजळपणाची ही मर्यादा ओलांडायची एक वाट आहे. पृष्ठभाग फक्त आलेलाच प्रकाश परत पाठवतो, हे त्यांचं गृहीतक. फ्लुरोसंट रंग ते मोडतात. ते अतिनील, निळा, हिरवा प्रकाश गिळतात आणि त्याच ऊर्जेतून लांब तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकतात. हा नियम भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्स यांनी 1852 मध्ये मांडला. त्यामुळे केशरी पट्ट्यात मोजमाप केलं तर पडलेल्या प्रकाशापेक्षा परतलेला प्रकाश जास्त भरतो, 100 टक्क्यांच्या वर. रस्त्यावर काम करणाऱ्यांची केशरी जाकिटं ढगाळ दुपारीही डोळ्यांत भरतात ती यामुळे. पण हे रेणू उन्हात लवकर तुटतात, म्हणून बारमाही फलकाला ही शाई सहसा निरुपयोगी.

तेव्हा छपाईला देताना मोबाइल पुढे करू नका. त्याच मशीनवर, त्याच फ्लेक्सवर केशरीच्या पाच-सहा छटांचे चौकोन छापून घ्या आणि उन्हात धरून त्यातला एक निवडा. भोवती गडद निळी पार्श्वभूमी ठेवली, तर तीच शाई अधिक उजळ भासते.