मीठ, व्हिनेगर आणि कच्चा रंग

नवं कापड शिवायला घेण्याआधी मिठाच्या पाण्यात भिजवा, थोडं व्हिनेगर टाका किंवा तुरटी फिरवा, म्हणजे रंग पक्का होतो. शिवणकाम करणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर हा सल्ला कधी ना कधी पडलेला असतो. यातली एकही वस्तू उगाच आलेली नाही. तिन्हींना रंगाऱ्याच्या भट्टीजवळ मानाची जागा होती, पण ती रंग चढवताना. चढून झालेला रंग धरून ठेवायला त्या कधीच नव्हत्या.

सगळ्यांत जुनी तुरटी. बहुतेक वनस्पतिजन्य रंग सुताला आपणहून धरत नाहीत. सूत आधी तुरटीच्या पाण्यातून काढलं की तिच्यातलं ॲल्युमिनियम धाग्यात बसतं आणि मंजिष्ठेचा लाल रंग त्या ॲल्युमिनियमला पकडतो. मोहेंजोदडोला एका चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेला सुती कापडाचा तुकडा सापडला, तोही मंजिष्ठेने रंगवलेला. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी इजिप्तच्या रंगाऱ्यांबद्दल नवलाने लिहितो: कापडावर आधी बिनरंगाचे पदार्थ लावतात, मग ते एकाच कढईत बुडवतात आणि बाहेर काढतात तेव्हा त्यावर अनेक रंग दिसतात, शिवाय ते धुऊन जात नाहीत.

'धुऊन जात नाहीत' या गुणावरच पुढे व्यापारयुद्ध पेटलं. सतराव्या शतकात भारतातून गेलेलं छापील सुती कापड धुतल्यावरही तेजस्वी राहायचं आणि युरोपातल्या कारागिरांना ते साधत नव्हतं. फ्रान्सने 1686 साली या कापडावर बंदी घातली ती 1759 पर्यंत टिकली. बंदी चालू असतानाच गास्ताँ-लोराँ केर्दू या जेझुइट पाद्र्याने 1742 साली कोरोमंडल किनाऱ्यावरच्या रंगाऱ्यांची कृती पत्रात तपशीलवार लिहून मायदेशी पाठवली. त्याच सुमाराला पूर्व भूमध्यसागराकडून 'टर्की रेड' हा पक्का लाल रंग युरोपात शिरला. खवट तेल, शेण, तुरटी, मंजिष्ठा असे हात पुन्हा पुन्हा द्यायचे, मधे वाळवायचं. काम आठवडेच्या आठवडे चाले. एकोणिसाव्या शतकातल्या लाल-पांढऱ्या गोधड्यांत हा लाल इतका आवडता होता, कारण शेजारच्या पांढऱ्या तुकड्याला तो डाग लावत नसे.

मग घाई आली. विल्यम पर्किनने 1856 साली पहिला यशस्वी कृत्रिम रंग काढला, पण सुती कापडाच्या दृष्टीने खरी उलथापालथ 1884 ची. त्या वर्षी पॉल बॉटिगरने काँगो रेड शोधला. याला तुरटी नको, तेल नको. गरम पाण्यात रंग, त्यात मीठ आणि कापड, बस. पाण्यात धागा आणि रंग या दोघांवरही ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलतात. मीठ ही ढकलाढकल कमी करतं आणि रंग पाणी सोडून धाग्यात शिरतो. मिठाचं काम इतकंच. अशा 'डायरेक्ट' रंगांनी रंगकाम स्वस्त केलं, पण धाग्यावरची त्यांची पकड ढिली, दर धुण्यात थोडा रंग सुटायचा. काँगो रेडची तर आणखी एक खोड: आम्ल लागलं की तो निळसर पडतो. म्हणजे ज्या लाल सुती कापडाचा रंग सर्वांत जास्त जायचा, त्याचं व्हिनेगरने भलं होण्याऐवजी वाटोळंच व्हायचं. व्हिनेगरचं खरं घर लोकर आणि रेशीम. त्यांचे रंग आम्लाच्या पाण्यात चढतात.

तेव्हा कापड आधी पाण्यातून काढायचं दुसरं मोठं कारण आटणं हे होतं. शिवलेला कपडा पहिल्या धुण्यातच आखूड व्हायचा. सॅनफर्ड क्लुएटने 1930 च्या सुमारास कापड गिरणीतच आटवून घेण्याची पद्धत आणली आणि त्या कापडापुरती ती काळजी बरीच कमी झाली. रंगाची मात्र राहिली.

तिचंही भांडवल करणारे निघालेच. 1960 च्या दशकात अमेरिकेत हातमागाचं 'ब्लीडिंग मद्रास' विकलं जाई, आणि रंग जाणारच याची जाहिरातीत चक्क हमी असे! पट्ट्यांचे रंग धुण्यागणिक एकमेकांत मिसळतात ही त्याची शोभा ठरवली गेली. दोषाची खुबी करून विकण्याचं यापेक्षा धीट उदाहरण माझ्या तरी माहितीत नाही.

आज अंगावरच्या सुती कपड्यांत जे रंग सर्रास असतात, त्यांची गोष्ट इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीत सुरू झाली. तिथल्या रॅटी आणि स्टीफन यांनी शोधलेले 'रिॲक्टिव्ह' रंग 1956 साली प्रोसियन नावाने बाजारात आले. हे धाग्याशी थेट रासायनिक बंध जोडतात. मग तरी नव्या कापडाचं पाणी लाल का होतं? कारण रंगवताना सगळाच रंग धाग्याशी जुळत नाही, काही पाण्याशीच जुळतो. तो निकामी रंग कापडात नुसता बसून राहतो. गिरणीने तो गरम पाण्याने आणि साबणाने पुन्हा पुन्हा धुऊन काढायला हवा, पण त्यात पाणी, इंधन आणि वेळ जातो आणि काटकसर नेमकी इथेच होते. गडद लाल आणि काळ्यात मुळात रंगच जास्त, म्हणून उरतोही जास्त.

इथे मीठ उलटच वागतं. मिठामुळे तो सुटा रंगही धाग्याला धरून बसतो. थंड मिठाच्या पाण्यात कापड घातलं, पाणी नितळ राहिलं, की रंग पक्का झाल्यासारखा वाटतो; पुढे साध्या गरम पाण्यात हात पडला की फिकट अस्तरावर, पायपिनवर डाग. त्यापेक्षा शिवण्याआधी सुती कापड सोसवेल तितक्या गरम पाण्यात, साबणाने, सुटं सोडून धुवावं आणि ओल्या घड्या घालून ठेवू नये. शंका असेल तर कोपरा ओला करून त्यावर पांढरा सुती तुकडा ठेवावा आणि इस्त्री फिरवावी. प्रयोगशाळेतली चाचणीही तत्त्वतः अशीच: नमुन्याला पांढरं कापड जोडून धुतात, त्याला किती डाग लागला ते करड्या पट्टीशी ताडून 1 ते 5 गुण देतात. 5 म्हणजे डागच नाही.

रंग चढल्यानंतर कामी येणारं औषध बऱ्याच उशिरा आलं. ते म्हणजे फिक्सर. त्यात धन भाराचे रेणू असतात आणि ते ऋण भाराच्या सुट्या रंगाला बांधून ठेवतात. धुलाईत टाकायचे रंग शोषणारे कागद बहुधा याच तत्त्वावर चालतात. काही डिटर्जंटमध्ये पीव्हीपी नावाचं पॉलिमर असतं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीत ते रक्तद्रवाला पर्याय म्हणून वापरलं गेलं होतं, आता ते पाण्यात सुटलेला रंग दुसऱ्या कपड्यावर बसू देत नाही. निळीपुढे, म्हणजे डेनिमच्या निळ्या रंगापुढे, मात्र फिक्सरचं फारसं चालत नाही. नीळ पाण्यात विरघळत नाही, तिचे कण धाग्यावर बसलेले असतात आणि घासले की निघतात. गडद डेनिमला फिकट कापड जोडायचं असेल, तर डेनिम आधी बरेचदा धुऊन घेण्याला पर्याय नाही.