टॉमी, एक्टॉमी आणि सुश्रुताचा कोहळा

शेजारच्या काकूंचं पोटाचं ऑपरेशन रातोरात करावं लागलं. घरी आल्यावर भेटायला येणारा प्रत्येक जण दोनच गोष्टी विचारायचा: ‘टाके किती पडले?’ आणि ‘आतलं काय काढलं?’ डिस्चार्ज कार्डावर ‘लॅपरोटॉमी’ वाचून काकूंनीही धरून ठेवलं होतं, की आपलं आतडं काढलं. प्रत्यक्षात काहीच काढलं नव्हतं. आतडी एकमेकांना चिकटून अडकली होती, ती फक्त सोडवली होती.

‘टॉमी’ आला ग्रीक ‘टोमे’वरून. टोमे म्हणजे चीर, काप. ‘लापारा’ म्हणजे बरगड्या आणि कंबर यांच्यामधला मऊ भाग. तेव्हा लॅपरोटॉमी म्हणजे चीर देऊन पोट उघडणं, एवढंच. मध्ये ‘एक्’, म्हणजे ‘बाहेर’, आला की एक्टॉमी होते: कापून काढणं. हिस्टेरोटॉमीत गर्भाशयाला चीर देतात, सिझेरियनमध्ये तेच करतात. हिस्टेरेक्टॉमीत गर्भाशयच काढतात. 2019 साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या ‘पिशवी काढण्या’च्या ऑपरेशनांवरून राज्यभर चर्चा झाली, ती या दुसऱ्या शब्दाची. कार्डावर दोन्ही शब्द जवळजवळ सारखेच दिसतात, म्हणून तिथे नीट वाचायला हवं.

हाच भेद सुश्रुतसंहितेत स्वच्छ केलेला आहे. शस्त्रकर्मं आठ, त्यांतली पहिली दोन छेद्य आणि भेद्य. गाठ कापून काढायची ते छेद्य, गळू फोडून उघडायचं ते भेद्य. आज आपण नुसत्या चिरेलाही ‘छेद’ म्हणतो, म्हणजे शब्द थोडा सरकलाय. शिष्यांचा सरावही वेगवेगळा: छेद्य शिकायचं कोहळा, भोपळा, काकडी यांच्यावर, भेद्य शिकायचं पाणी आणि चिखल भरलेल्या कातडी पिशवीवर. केवढी नेमकी निवड! कोहळ्याचा तुकडा काढता येतो, पिशवी मात्र बेतानेच उघडावी लागते. पण म्हणून आजची सगळी सर्जरी तेव्हाच होती असं छाती फुगवून सांगू नये. ईथरची भूल जगापुढे आली 1846 साली, ब्रिटिश सर्जन लिस्टरने जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत मांडली 1867 साली. त्या दोन्हींशिवाय पोट उघडणं म्हणजे जिवाशी गाठ होती.

आता माझ्या सगळ्यात आवडीची गोष्ट, चिरेची दिशा. 1861 साली व्हिएन्नाचे शरीररचनातज्ज्ञ कार्ल लँगर यांनी मृतदेहांच्या कातडीत गोल टोच्याने भोकं पाडली. टोच्या गोल, पण भोकं गोल राहिनात. ती लांबट झाली, डोळ्याच्या आकाराची. कातडीच्या आतल्या थरात कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंच्या जुड्या असतात आणि कातडी एका दिशेला जास्त ताणलेली असते. भोक त्या ताणाच्या दिशेने लांबतं. लँगरनी ती भोकं जोडत अख्ख्या अंगावर रेषांचा नकाशा काढला. चीर या रेषांना समांतर दिली तर कडा फारशा फाकत नाहीत आणि वण बारीक राहतो. रेषांना काटकोनात दिली तर ताण दोन्ही कडांना सतत ओढतो आणि वण रुंदावतो. जिवंत माणसात स्नायूंच्या हालचालीने या रेषा थोड्या बदलतात, म्हणून सर्जन सुरकुत्याही बघतात. पोटावर लँगरच्या रेषा साधारण आडव्या असतात. 1900 साली जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ फॅननस्टील यांनी ओटीपोटावर सुचवलेली आडवी चीर आज बहुतेक सिझेरियनला देतात, तिचा वण म्हणूनच घडीत लपतो.

मग काकूंना उभी चीर का? मध्यरेषेवर स्नायू कापावे लागत नाहीत, रक्त कमी जातं, पोट झटपट उघडतं आणि वरपासून खालपर्यंत सगळीकडे हात पोचतो. अडचणीच्या वेळी वणापेक्षा जीव आधी.

आणखी एक. भात-वरण खाल्लं की टाके पिकतात, असं काकूंना तिघीचौघींनी सांगितलं. टाके पिकतात ते जंतूंमुळे. उलट जखम भरायला लागणारी प्रथिनं त्या वरणातच आहेत. डॉक्टरांनी जेवण सुरू करायला सांगितलं की ते खुशाल खावं. आणि टाके वीस असोत की पाच, जखम काही एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे भरत जात नाही. ती एका कडेकडून समोरच्या कडेकडे भरते, सगळीकडे एकाच वेळी.