टेस्ट ड्राइव्हला बसताना डावा पाय मागे घ्या

यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसदकडे कृषी प्रदर्शन नाहीतर वाहन मेळा भरला की आम्ही इलेक्ट्रिक कारची डेमो गाडी घेऊन येतो. लोक रांग लावून चालवून पाहतात, याचा आम्हाला आनंद आहे. पण ही रांग खोळंबते ती जवळपास दरवेळी एकाच कारणानं, ते म्हणजे डावा पाय. म्हणून नंबर लावतानाच हे पत्रक हातात देतो. गाडीत बसायच्या आधी वाचून घ्या.

या गाडीला क्लच नाही, हे बहुतेकांना माहीत असतं. पायाला ते माहीत नसतं. ज्यानं वर्षानुवर्षं ट्रॅक्टर नाहीतर बोलेरो चालवली, त्याचा डावा पाय गाडी हळू करायची वेळ आली की आपोआप क्लचकडे जातो आणि तळापर्यंत दाबतो. दोनच पेडल असलेल्या गाडीत ब्रेकचं पेडल रुंद असतं, पाय नेमका त्यावर पडतो. गाडी जागीच थांबते, मागं बसलेल्या काकूंचं कपाळ पुढच्या सीटला लागतं आणि चालवणारा म्हणतो, "भाऊ, ब्रेक लय कडक हाये हिचा." ब्रेक कडक नसतो. क्लचचा जोर ब्रेकवर पडलेला असतो.

खरा धोका त्यानंतर आहे. धक्का बसला की माणूस गडबडतो आणि उजवा पाय ॲक्सिलरेटरवर जोरात पडतो. डिझेल गाडीत इंजिनाचे फेरे वाढेपर्यंत क्षणभर वेळ मिळतो. इथं मोटर उभ्या गाडीतूनच पूर्ण ताकद देते, मध्ये बदलायला गिअरही नसतात. बाजार समितीच्या आवारात, लेकरंबाळं फिरत असताना, आवाज न करणारी गाडी अशी उसळलेली आम्हाला चालणार नाही.

यावर उपाय सोपा आहे. बसल्याबरोबर डावा पाय सीटकडे ओढून घ्या आणि उतरेपर्यंत तिथंच ठेवा. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही उजव्या पायानंच.

दुसरा घोळ बटणाचा. "आवाजच नाई, सुरूच नाई झाली तं!" म्हणून लोक बटण पुन्हा दाबतात आणि सुरू झालेली गाडी बंद करतात. ब्रेक दाबून बटण एकदाच दाबा आणि समोरच्या पडद्यावर 'रेडी' दिसतं का ते बघा. ते दिसलं की गाडी सुरू आहे.

पहिला फेरा आम्ही ॲक्सिलरेटरला पाय न लावता करायला सांगतो. ब्रेक सोडला की आमची डेमो गाडी आपसूक सरकते, तेवढ्यावरच मैदानाच्या कडेनं एक वळसा. शेजारच्या स्टॉलवर थेट रस्त्यावर गाडी देतात, हे आम्हाला ऐकवलं जातं. देऊ द्या. त्या एका वळशात पाय शिकतो आणि पुढची चक्कर तुम्ही निवांत चालवता.

"विकायला आणली अन् पूर्ण चार्ज बी नाई?" हाही नेहमीचा प्रश्न. आम्ही मुद्दामच शंभर टक्के करत नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटर उलटं काम करून वीज बनवते आणि गाडी आवरते. बॅटरी काठोकाठ भरलेली असली तर ती वीज घ्यायला जागाच नसते, मग हा परिणाम फार कमी जाणवतो. चार गावं फिरणाऱ्या माणसाच्या कामाची हीच तर गोष्ट आहे. ती न अनुभवता तुम्ही परत जावं, असं आम्हाला वाटत नाही.

मैदानावरच्या चकरेत पडद्यावरचा, उरलेल्या चार्जवर किती किलोमीटर जाईल तो आकडा भराभर उतरतो, त्यावरून गाडीची पारख करू नका. थोडं चालणं, सारखं थांबणं, वर एसी. गाडी नुकताच झालेला वापर बघूनच तो अंदाज दाखवते. कंपनीचा आकडा पुण्याच्या एआरएआयसारख्या, गाड्या तपासणाऱ्या संस्थेच्या ठरलेल्या चाचणीतला असतो, रस्त्यावर त्यापेक्षा कमीच मिळतो. मे महिन्यातल्या ४५ अंशांत एसी लावून किंवा समृद्धीवर ताशी १२० नं चालवली तर आणखी कमी. हे आम्ही बुकिंगच्या आधीच सांगतो.

म्हणून ज्यांना खरंच घ्यायची आहे त्यांनी शोरूमला यावं. अर्धा दिवस गाडी देतो, सोबत आमचा माणूस असतो. तुमच्या रोजच्या रस्त्यानं, घरची माणसं बसवून चालवा आणि आकडा स्वतः लिहून घ्या. येताना लायसन्स आणा, मोबाईलमधल्या डिजीलॉकरमधलंही चालेल. ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या छोट्या बॅटरी स्कूटरला लायसन्स लागत नाही म्हणून कारलाही लागत नाही, असा समज आहे. कारला लागतंच, त्याशिवाय चावी मिळणार नाही.

विजेचं बिलही आणा. २४ युनिटची बॅटरी घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर ताशी ३ युनिटच्या आसपास भरते, म्हणजे रात्रभराचं काम. त्यासाठी अर्थिंग धड हवं. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि चार्जर लाल दिवा दाखवून थांबतो. लोक गाडीला दोष देतात. आमचा वायरमन बुकिंगआधी घरी येऊन अर्थिंग आणि व्होल्टेज मोजून देतो, त्याचे पैसे घेत नाही. डेमो गाडी एकच आहे, तेव्हा आदल्या दिवशी फोन करून वेळ ठरवा. आठवडी बाजाराच्या दिवशी मात्र गाडी बाहेर काढत नाही.