केनेकॉट : तांबं संपलं, गाव उठलं

पुण्यात तांबं म्हटलं की कसबा पेठेतली तांबट आळी आठवते. पेशवाईत कोकणातून आलेल्या कारागिरांची ही वस्ती. पेशवाई बुडाली, न्हाणीघरातले बंब आणि घंगाळं गेली, स्वयंपाकघरं स्टीलनं भरली, तरी मठारकामाचे ठोके आळीत अजून ऐकू येतात. तिच्या आसपास तांब्याची एकही खाण नाही. ती टिकली त्याचं हेही एक कारण असावं, असं मला वाटतं. खाणीच्या तोंडाशी वसलेल्या गावाचं काय होतं, ते अलास्कातल्या केनेकॉटनं दाखवलं आहे.

कॉपर नदीच्या खोऱ्यातले आटना लोक तांब्याची हत्यारं पूर्वापार करत आले होते. १९०० च्या उन्हाळ्यात क्लॅरेन्स वॉर्नर आणि जॅक स्मिथ या दोघा खनिजशोधकांना तिथल्या डोंगरावर हिरवा पट्टा दिसला. घोड्यांना चारा मिळाला, असं त्यांना आधी वाटलं म्हणतात. निघालं ते उघड्यावर पडलेलं खनिज. न घासलेल्या तांब्याच्या हंड्यावर चढतो तसला त्याचा रंग. त्यातल्या काही दगडांत सत्तर टक्क्यांपर्यंत तांबं होतं. आज जगातल्या कित्येक खाणी एक टक्क्याहून कमी तांब्याच्या दगडावर चालतात, यावरून काय ते समजावं.

स्टीफन बर्च या तरुण अभियंत्यानं हक्क विकत घेतले. पैसा खाणमालक गुगेनहाइम घराणं आणि न्यूयॉर्कचे बँकवाले जे. पी. मॉर्गन यांचा. पण माल बंदरापर्यंत न्यायचा कसा? १९०७ ते १९११ या काळात कॉर्डोव्हा बंदरापासून १९६ मैलांचा रेल्वेमार्ग बांधला गेला, एका ठिकाणी तर दोन हिमनद्यांच्या मधून पूल टाकून. खर्च २ कोटी ३० लाख डॉलर. ही गाडी कधी धावणारच नाही, अशी लोक थट्टा करत. ती २७ वर्षं धावली.

गावाचा जीव होता तो उतारावरच्या चौदा मजली लाल गिरणीत. वरच्या खाणींतून हवाई दोरमार्गाच्या बादल्यांनी दगड गिरणीच्या माथ्यावर यायचा आणि मग स्वतःच्याच वजनानं मजल्यामजल्यानं खाली उतरायचा. वाटेत तो फुटायचा, चाळला जायचा, पाण्यानं हलकी माती वेगळी व्हायची. तरी बारीक चुऱ्यात तांबं उरायचंच. हा दगड चुनखडीचा. आम्ल वापरलं तर चुनखडीच ते पिऊन टाकणार. म्हणून १९१६ मध्ये अमोनियाचा कारखाना उभा राहिला. अमोनियात तांबं विरघळवायचं, मग वाफेनं अमोनिया उडवून ते परत मिळवायचं.

पहिल्या महायुद्धात काडतुसांच्या पितळेसाठी तांब्याला सोन्याचे दिवस आले. गावात इस्पितळ, शाळा, टेनिस कोर्ट, दूधडेअरीसुद्धा होती. दारूला मात्र बंदी; त्यासाठी पाच मैलांवरचं मॅकार्थी होतंच! कामगार बराकींत राहत आणि आठवड्याचे सातही दिवस राबत.

उत्तम खनिजाचा शेवट जवळ आल्याचं भाकीत कंपनीच्याच भूगर्भतज्ज्ञानं १९२५ मध्ये केलं होतं. पुढे मंदीनं तांब्याचे भाव पाडले आणि १० नोव्हेंबर १९३८ ला शेवटची गाडी सुटली. तोवर पाच लाख टनांहून अधिक तांबं निघालं होतं. याला मी अपयश म्हणणार नाही. मालकांचा हिशोब पुरा झाला होता आणि त्या हिशोबात गावाला निराळी किंमत कधी नव्हतीच. कंपनीनं एव्हाना युटा आणि चिलीतल्या खाणींत पाय रोवले होते.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस अपघाताची जबाबदारी अंगावर येऊ नये म्हणून इमारती पाडायला काढल्या. काही पडल्या, काम अर्धवट राहिलं. १९८६ मध्ये केनेकॉटला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला आणि १९९८ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेनं गिरणीसह बराच भाग विकत घेऊन डागडुजी सुरू केली. जुन्या रेल्वेमार्गावरून आता चिटिना ते मॅकार्थी असा साठ मैलांचा कच्चा रस्ता जातो. त्यातून रुळांचे खिळे अजून वर येतात, त्यामुळे गाडीवाल्यांना जादा टायर बरोबर ठेवायला सांगतात.