जपानचे दोन दिवस चुकले तेव्हा

१६६३ साली सम्राट रेइगेन क्योतोच्या गादीवर बसला तेव्हा आठ वर्षांचा होता. राज्यकारभार एडोच्या (आजच्या टोकियोच्या) शोगुनांकडे, म्हणजे लष्करी शासकांकडे. सम्राटाकडे उरलेल्या मोजक्या अधिकारांपैकी एक होता पंचांग जाहीर करण्याचा. आणि ते पंचांगच चुकत होतं.

चीनहून आलेली 'सेनम्यो' पद्धत ८६२ पासून तशीच चालू होती. तिचं वर्ष ३६५.२४४६ दिवसांचं, तर ऋतुचक्राचं ३६५.२४२२ दिवसांचं. फरक वर्षाला जेमतेम साडेतीन मिनिटांचा, पण आठशे वर्षांत तो साठून दोन दिवसांचा झाला. वर्षातला सर्वात लहान दिवस पंचांगात दोन दिवस उशिरा येऊ लागला.

'गो' या पटावरच्या खेळाच्या घराण्यातल्या शिबुकावा शुंकाईने १६७३ मध्ये दरबाराला सुचवलं की चीनची १२८१ ची अधिक अचूक पद्धत घ्यावी. पण १६७५ च्या सूर्यग्रहणाला हीच पद्धत चुकली आणि जुनी सेनम्यो बरोबर ठरली! प्रस्ताव बारगळला.

शुंकाईचं मोठेपण मला इथून पुढे दिसतं. चूक का झाली, हे त्याने शोधून काढलं. पृथ्वी सूर्याच्या सर्वात जवळ असते तेव्हा सूर्याभोवती सर्वात वेगाने फिरते. १२८१ च्या सुमारास हा क्षण आणि सर्वात लहान दिवस जवळजवळ एकत्र येत, म्हणून चिनी गणितींनी दोन्ही एकच धरले. पण हा क्षण दर ५८ वर्षांनी सुमारे एक दिवस पुढे सरकतो. चारशे वर्षांत तो आठवडाभर सरकला होता. शिवाय गणित चीनच्या रेखांशाचं होतं. बीजिंगपेक्षा क्योतोला सूर्य सव्वा तासाहून जरा आधीच माथ्यावर येतो. सावल्या मोजून त्याने जपानसाठी नवं गणित बसवलं.

तरी १६८४ च्या वसंतात दरबाराने मिंग राजवटीच्या काळातलं चिनी पंचांगच निवडलं. शुंकाईने पुन्हा अर्ज केला, आणि त्याच वर्षी रेइगेनने निर्णय फिरवला. 'जोक्यो' पंचांग १६८५ पासून लागू झालं. जपानमध्ये, जपानच्या आकाशासाठी रचलेलं हे पहिलं पंचांग.

फर्मान सम्राटाचं राहिलं, पण गणित एडोकडे गेलं, कारण शोगुनांनी शुंकाईला आपला खगोलज्ञ नेमलं. रेइगेनने १६८७ मध्ये गादी सोडली. १७३२ पर्यंत तो जगला. पुढे क्योतोच्या त्सुचिमिकादो या दरबारी ज्योतिषांच्या घराण्याने गणित परत आपल्या हाती घेऊन १७५५ मध्ये नवं पंचांग आणलं. १७६३ चं सूर्यग्रहण त्यात नव्हतंच.