फाइल एमपी४च आहे, मग चालत का नाही?

सप्टेंबरात कासची फुलं बघून आलं, की साताऱ्यातल्या घराघरांत मोबाइलवरचे व्हिडिओ पीसीवर उतरवले जातात. आणि तिथंच अडतं. आवाज येतो, पडदा मात्र काळा. मग कुणीतरी सांगतं, कोडेक पॅक (व्हिडिओ उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरचा गठ्ठा) टाक.

जरा थांबा. एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय हे नुसते डबे आहेत. चित्र, आवाज, सबटायटल्स एकत्र ठेवायची ती सोय. आतलं चित्र कुठल्या पद्धतीनं दाबून लहान केलंय, ते कोडेकवर ठरतं: एच.२६४, एच.२६५ म्हणजेच एचईव्हीसी, व्हीपी९, एव्ही१. एकाच एमपी४मध्ये २००३ चा एच.२६४ असू शकतो, नाहीतर २०१३ चा एचईव्हीसी. नाव बघून काहीच कळत नाही, आणि नाव बदलून आतलं काही बदलत नाही.

आत काय आहे ते बघायला व्हीएलसी या प्लेअरमध्ये फाइल लावा आणि कंट्रोल धरून जे दाबा. कोडेकच्या ओळीत एचईव्हीसी दिसलं, की काळ्या पडद्याचं कारण बहुधा सापडलंच. तेवढ्याच दर्जाला हा कोडेक एच.२६४ च्या साधारण निम्मी जागा घेतो, म्हणून मोबाइल तो वापरतात. विंडोजच्या स्वतःच्या प्लेअरला मात्र त्यासाठी बऱ्याचदा वेगळं एक्स्टेन्शन लागतं.

व्हीएलसीला लागत नाही. १९९६ मध्ये पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या प्रकल्पातून आलेला हा प्लेअर बहुतेक डिकोडर, म्हणजे दाबलेलं चित्र उलगडणारे भाग, स्वतःबरोबरच आणतो. फुकट आहे, जाहिराती नाहीत. फक्त तो बनवणाऱ्या व्हिडिओलॅनच्याच साइटवरून घ्या. घरच्या पीसीला कोडेक पॅकची गरज नाही, असं माझं ठाम मत आहे. पॅक अख्ख्या विंडोजमध्ये हात घालतो, आणि पुढं कुठला प्लेअर कुठला डिकोडर उचलतोय ते कळेनासं होतं.

चित्र दिसतंय पण अडखळतंय, हे दुखणं वेगळं. टास्क मॅनेजर उघडून बघा. सीपीयू शंभर टक्क्यांना टेकला असेल, तर कोडेक आहे, ताकद नाही. इंटेल प्रोसेसरच्या सहाव्या पिढीपासून ८-बिट (बिट म्हणजे रंगछटांची बारकाई) एचईव्हीसी हार्डवेअरवर चालतो, १०-बिट सातव्यापासून. त्याआधीच्या मशीनवर फोरकेसाठी प्लेअर बदलत बसू नका. हँडब्रेक या प्रोग्रॅमनं एच.२६४ मध्ये, १०८०पी करून घ्या. वेळ बराच लागतो, दर्जा थोडा उतरतो, म्हणून मूळ फाइल पुसू नका.

पण टीव्हीला फक्त एमकेव्ही चालत नसेल, आतला एच.२६४ चालत असेल, तर एवढा खटाटोप कशाला? एफएफएमपेग या प्रोग्रॅमनं आतला माल तसाच एमपी४मध्ये हलवता येतो. काम बऱ्याचदा मिनिटभरात होतं आणि चित्राचा कणही कमी होत नाही.

लग्नाचं शूटिंग ठरवताना व्हिडिओवाल्याला "एमपी४मध्ये द्या" एवढंच सांगू नका, "एच.२६४, ८-बिटमध्ये एक कॉपी द्या" असं सांगा.