हिपॅटायटिस-बी: बाळाची लस वेगळी, इम्युनोग्लोब्युलिन वेगळं

गरोदर बाईची एचबीएसएजी तपासणी, म्हणजे रक्तात हिपॅटायटिस-बी या यकृताच्या आजाराचा विषाणू आहे का ते सांगणारी तपासणी, पॉझिटिव्ह आली, की तिच्या बाळाला जन्मल्याबरोबर दोन इंजेक्शनं लागतात. दोन्हींच्या नावात हिपॅटायटिस-बी, दोन्ही मांडीत, दोन्ही पहिल्याच दिवशी. म्हणून घोटाळा होतो. ‘काविळीचं इंजेक्शन दिलं का?’ असं घरचे विचारतात, ‘दिलं’ असं उत्तर मिळतं आणि सगळे निर्धास्त होतात. दिलेली असते ती फक्त लस. दुसरं इंजेक्शन राहून गेलेलं असतं.

लसीत विषाणूच्या बाहेरच्या आवरणातलं एक प्रथिन असतं, अख्खा विषाणू नसतो. ते पाहून बाळाचं शरीर स्वतःची प्रतिपिंडं (विषाणूला अडवणारी प्रथिनं, अँटीबॉडी) तयार करायला शिकतं. त्याला काही आठवडे लागतात, पण मिळालेलं संरक्षण वर्षानुवर्षं टिकतं. इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे तयार प्रतिपिंडं. ज्यांच्या रक्तात ती भरपूर आहेत अशा दात्यांच्या प्लाझ्मापासून ती मिळवतात. त्यांचा उपयोग लगेच सुरू होतो, मात्र साधारण तीन आठवड्यांत त्यांचं प्रमाण निम्म्यावर येतं आणि काही महिन्यांत ती संपतात. प्रसूतीच्या वेळी आईचं रक्त आणि स्राव बाळाला लागतात, बहुतेक संसर्ग तेव्हाच होतो. लस कामाला लागेपर्यंतचे आठवडे इम्युनोग्लोब्युलिन सांभाळतं, पुढची वर्षं लस. एक दिलं म्हणून दुसरं टाळता येत नाही.

काहीच दिलं नाही तर काय होतं? आईची एचबीई-अँटीजेन तपासणीही (विषाणू जोरात वाढत असल्याची खूण) पॉझिटिव्ह असेल, तर अशा दर १०० बाळांपैकी ७० ते ९० बाळांना संसर्ग होतो. ती निगेटिव्ह असेल तर १० ते ४०. मोठ्या माणसाचं शरीर हा विषाणू बहुतेक वेळा हुसकावून लावतं. जन्मतः संसर्ग झालेल्या बाळांपैकी मात्र सुमारे ९० टक्क्यांमध्ये तो कायमचा राहतो आणि पुढे सिरॉसिस (यकृत कडक होऊन निकामी होत जाणं) किंवा यकृताच्या कर्करोगाची भीती मागे लागते. एवढं मोठं संकट पहिल्या काही तासांतल्या दोन सुयांनी बहुतांशी टळतं, म्हणून इथे चालढकल परवडत नाही.

लस: ०.५ मिली, शक्य तितक्या लवकर, २४ तासांच्या आत. आई पॉझिटिव्ह असेल तर १२ तासांच्या आत. इम्युनोग्लोब्युलिन: १०० आंतरराष्ट्रीय युनिट, तेही १२ तासांच्या आत. किती मिली ते कंपनीप्रमाणे बदलू शकतं, म्हणून लेबलवरचे युनिट वाचूनच डोस भरावा. एक इंजेक्शन एका मांडीत, दुसरं दुसऱ्या मांडीत, पुढच्या-बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. सिरिंज वेगळ्या. दोन्ही औषधं एका सिरिंजमध्ये भरली किंवा एकाच जागी टोचली, तर प्रतिपिंडं लसीतल्या प्रथिनालाच जाऊन चिकटू शकतात. कुल्ल्यावर लस टोचू नये, तिथल्या चरबीत ती नीट लागू पडत नाही. टोचण्याआधी बाळाच्या अंगावरचं आईचं रक्त पुसून ती जागा स्वच्छ करणं फार महत्त्वाचं, नाहीतर सुईबरोबर तेच आत जाईल. व्हिटॅमिन-के हे तिसरं इंजेक्शनही मांडीतच असतं, त्याला या दोघांत मोजू नये. आणि आरएच निगेटिव्ह आईला देतात ते अँटी-डी हेही इम्युनोग्लोब्युलिनच, पण त्याचा या आजाराशी काही संबंध नाही.

चुका होतात त्या बहुधा साठ्याच्या. लस प्रत्येक बाळासाठी असते, म्हणून ती प्रसूतिगृहात असतेच. तरी दहा डोसांची कुपी एका बाळासाठी फोडायची नाही म्हणून कधी ती सकाळवर ढकलली जाते. हे कारण चालू नये, कारण सरकारी लसीकरणाच्या नियमांनुसार उघडलेली कुपी योग्य थंडाव्यात ठेवली तर २८ दिवस वापरता येते. दोन्ही औषधं २ ते ८ अंशांतच ठेवायची. बर्फाच्या कप्प्याला टेकून गोठलेली लस निकामी होते, ती वितळवून वापरू नये. इम्युनोग्लोब्युलिन महाग, लागतं क्वचित, म्हणून रात्री किंवा रविवारी मिळत नाही. राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ते मोफत देण्याची तरतूद आहे. जिल्हा रुग्णालयात चौकशी ३६व्या आठवड्याच्या आधीच करावी. कळा सुरू झाल्यावर कुपी शोधत फिरण्याची वेळ येऊ नये. उशीर झालाच तर सात दिवसांपर्यंत देतात, पण प्रत्येक तासागणिक उपयोग घटतो. दिल्याची तारीख, वेळ आणि बॅच डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावी.

आईचा रिपोर्टच नसेल तर लस थांबवू नये. ती लगेच द्यावी, आईचं रक्त तपासावं, पॉझिटिव्ह आलं तर इम्युनोग्लोब्युलिन द्यावं. बाळ दोन किलोपेक्षा कमी असेल तर रिपोर्टची वाट न पाहता १२ तासांत दोन्ही द्यावीत. अशा बाळाचा जन्मवेळचा लसीचा डोस हिशेबात धरत नाहीत. पुढचे तीन, म्हणजे ६, १० आणि १४ आठवड्यांचे पेंटाव्हॅलंट (हिपॅटायटिस-बीसह पाच आजारांवरची एकत्र लस), पूर्ण झालेच पाहिजेत.

आईच्या रक्तात विषाणू फार असतील, दर मिलीला २ लाख युनिट किंवा जास्त, तर डॉक्टर गरोदरपणातच टेनोफोव्हिर हे विषाणूविरोधी औषध सुरू करतात. सिझेरियन केवळ या कारणासाठी करत नाहीत. अंगावर पाजायला हरकत नाही, इंजेक्शनची वाटही पाहायला नको. तिसऱ्या दिवशी बाळ पिवळं दिसलं तर ती सहसा नवजात बाळाची नेहमीची कावीळ असते. हिपॅटायटिस-बी लागलेलं बाळ बहुधा अगदी निरोगी दिसतं.

म्हणून खरं उत्तर ९ ते १२ महिन्यांच्या दरम्यान रक्त तपासूनच मिळतं. त्याआधी तपासलं तर इम्युनोग्लोब्युलिनमधली उसनी प्रतिपिंडंच दिसू शकतात. एचबीएसएजी निगेटिव्ह आणि प्रतिपिंडं १० (रिपोर्टमध्ये mIU/ml) किंवा त्याहून जास्त आली, तर बाळ सुरक्षित. १० पेक्षा कमी आली तर लसीचा आणखी एक डोस देऊन एक-दोन महिन्यांनी पुन्हा तपासतात. एचबीएसएजी पॉझिटिव्ह आलं तर बाळाला यकृताच्या आजारांच्या तज्ज्ञांकडे न्यावं.